पुस्तकात एकही अक्षर नाही, मग वाचायचं काय आणि कसं?

आमच्या सोसायटीतल्या बालवाचनालयात एक आजोबा नातीसाठी पुस्तक घेऊन गेले आणि पाच मिनिटांत जिना चढून परत आले. "बदलून द्या. यात मजकूर छापायचाच राहिलाय." मी पुस्तक उघडून दाखवलं, हे असंच असतं म्हटलं. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा पानं चाळली आणि विचारलं, "मग मी तिला वाचून काय दाखवू?"

प्रश्न अगदी रास्त होता. अक्षर असलं की आपली जबाबदारी ठरलेली असते, आपण वाचतो आणि मूल ऐकतं. अक्षर नसलं की मोठ्या माणसाचे दोनच प्रकार होतात. एक जण लगेच स्वतःची गोष्ट रचून कीर्तनकारासारखा सुरू होतो आणि मुलाला तोंड उघडायला वावच ठेवत नाही. दुसरा परीक्षक होतो. हे काय? तो कुठला रंग? किती बदकं? दहा मिनिटांत मूल मांडीवरून उतरून निघून जातं. दोन्ही टाळून काय करायचं, ते आजोबांना मी त्या दिवशी जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं होतं. इथे जरा बैजवार सांगते.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक गोष्ट हाताशी घेऊ. ही दुकानात मिळणार नाही. शेवटी ती आपणच एका कागदात बनवणार आहोत. मुखपृष्ठावर आजी आणि नात, आजीच्या हातात कापडी पिशवी, पिशवीच्या तळाला बारीकसं भोक. पहिल्या पानावर बाजार, पिशवी भरली जातेय. दुसऱ्या पानावर घरची वाट. भोकातून मिरची पडते आणि झाडावरचा राघू ती टिपतो. तिसऱ्यावर भोक थोडं मोठं झालंय, लिंबू पडतं आणि क्रिकेट खेळणारी दोन पोरं त्याच्यामागे धावतात. चौथ्यावर बटाटा, त्याच्यामागे कुत्रा. पाचव्यावर भोक चांगलंच फाटलंय, कोथिंबिरीची जुडी पडते आणि शेळी मागे लागते. सहाव्यावर आजी घरात पिशवी उलटी करते. आत काही नाही. दारात राघू, पोरं, कुत्रा, शेळी सगळे ओळीनं उभे. मागच्या कव्हरवर आजी पिशवीला ठिगळ लावतेय.

पुस्तक निवडताना

दीड वर्षाच्या आतल्या मुलासाठी गोष्ट शोधूच नका. जाड पुठ्ठ्याची, एका पानावर एक वस्तू किंवा एक चेहरा असलेली पुस्तकं पुरेत. ती चावली जाणार आहेत, हे गृहीत धरा. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला एकच मुख्य पात्र आणि एका पानावर एकच घटना झेपते. तीन ते पाच हा खरा रंगाचा काळ. आपल्याला दिसतंय पण गोष्टीतल्या माणसाला कळत नाही, यातली गंमत या वयात कळू लागते. आजीला भोक दिसत नाही आणि आपल्याला दिसतं, एवढ्यावर चार वर्षांचं मूल लोळून हसतं. अडीच वर्षांच्या मुलाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, ते शेळीकडे बघत बसतं. पाचच्या पुढे एका पानावर चार-सहा चौकटी, स्वप्नातलं दृश्य, आधी घडून गेलेली घटना असलं सगळं चालतं.

मात्र 'अक्षर नाही म्हणजे बाळांचं' हा समज दुकानात फार फसवतो. ऑस्ट्रेलियाचे चित्रकार शॉन टॅन यांचं २००६ सालचं 'द अरायव्हल' हे स्थलांतराची गोष्ट सांगणारं शंभराहून जास्त पानांचं पुस्तक आहे आणि त्यात वाचता येईल असा एक शब्द नाही. ते मोठ्या माणसालाही सावकाश वाचावं लागतं. तीन वर्षांच्या वाढदिवसाला ते देऊ नका, स्वतःच्या वाढदिवसाला घ्या.

दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा आहे. मधलं कुठलंही पान हातानं झाका आणि आधीचं व नंतरचं बघा. मध्ये काय घडलं असेल ते सांगता आलं, तर त्या पुस्तकात गोष्ट आहे. सांगता आलं नाही, तर ती सुंदर चित्रांची चळत आहे. तीही घ्या हवी तर, पण तिच्याकडून गोष्टीची अपेक्षा नको. आणखी एक बघा, मुख्य पात्र प्रत्येक पानावर चटकन ओळखू येतं का. बिनशब्दांच्या पुस्तकात 'तीच मुलगी' असं सांगायला शब्द नसतात. ते काम तिच्या लाल फ्रॉकला करावं लागतं.

परदेशी पुस्तकं घ्यावीत का, असं बरेच पालक विचारतात. घ्यावीत. भाषांतराचा प्रश्नच नसतो, ही यांची मोठी सोय. धुराडी, बर्फ, फायरप्लेस या गोष्टी मुलाला माहीत नसतील, हे खरं. आमच्याकडे एका मुलानं बर्फाला सरळ 'साबण सांडलाय' म्हटलं आणि त्यावर पुढची अख्खी गोष्ट बसवली. काही बिघडलं नाही. पण आठवड्यातलं एक तरी पुस्तक असं असावं, की त्यातला जिना, रिक्षा, पाण्याचा हंडा आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे मुलाच्या ओळखीचे असतील. ओळखीच्या जागेत मूल जास्त धीटपणे बोलतं.

खर्च करायचा नसेल तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे. २०१५ पासून ते इंटरनेटवर खुलं आहे, तिथली पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात आणि छापूनही घेता येतात. फोनवर दाखवण्यापेक्षा छापलेलं बरं. पान मागे उलटून 'आधी भोक केवढं होतं?' हे बघायला कागदच हवा. शिवाय फोनवर मधेच कुणाचा तरी फोन येतो.

मुलाआधी तुम्ही

पुस्तक आधी एकट्यानं दोनदा बघा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा कोपऱ्यांसाठी. चांगल्या चित्रकारानं मुख्य घटनेखेरीज मागे काहीतरी पेरलेलं असतं. आपल्या गोष्टीत भोक पानागणिक मोठं होतं आणि म्हणून आधी मिरची, मग लिंबू, मग बटाटा, मग जुडी असा पडण्याचा क्रम लागतो. हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं. मुलाला सांगायला नव्हे. मुलानं त्या भोकावर बोट ठेवलं, की तिथे थांबायचं आहे हे तुमच्या लक्षात यावं म्हणून.

हे न करता थेट मुलासमोर पुस्तक उघडलं, तर आपणच गोष्ट शोधण्यात गुंततो आणि आपली बोटं पानं भराभर उलटू लागतात. मी हे पुष्कळदा केलं आहे.

बसायचं कसं

समोरासमोर बसू नका, ती शिकवणीची बैठक होते. मांडीवर किंवा शेजारी, दोघांची नजर एकाच बाजूला. पुस्तक मुलाच्या मांडीवर आणि पान उलटायचा हक्क मुलाचा. सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच असते. मूल एका पानावर चार मिनिटं काढेल आणि पुढची तीन पानं एकदम उलटेल. उलटू द्या. पुढे काय झालं ते कळल्यावर बहुतेक मुलं आपणहून मागे येतात.

पहिली फेरी: गप्प राहून

मुखपृष्ठापासून सुरुवात करा. कव्हरच्या आतला कागद आणि नावाचं पान ओलांडून जाऊ नका. या पुस्तकांत गोष्ट पुष्कळदा तिथेच सुरू झालेली असते. आपल्या पिशवीचं भोक मुखपृष्ठावरच आहे, ते पाहिलं नाही तर पुढची मिरची आकाशातून पडल्यासारखी वाटते.

मग पूर्ण पुस्तक एकदा न बोलता बघायचं. अगदी गुळणी धरल्यासारखं नव्हे. "अरेच्चा", "हं", "बघू" एवढं चालतं. बोट ठेवलं तरी चालेल. फक्त नाव सांगायचं नाही आणि प्रश्न विचारायचा नाही. एका पानावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. मोठ्या माणसाला दहा आकडे फार लांब वाटतात. मुलाची नजर मात्र तोवर अर्धंही पान फिरून झालेली नसते.

या फेरीत मूल काहीच बोललं नाही, तरी ती फुकट गेली असं समजू नका. ज्यांनी पहिल्या दिवशी हूं की चूं केलं नाही, त्यातली काही मुलं दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आईला सबंध गोष्ट सांगतात.

दुसरी फेरी: बोलायचं, पण किती?

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पावणेदोन ते तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या पालकांना त्यांनी चित्रपुस्तक वाचण्याची पद्धत थोडी बदलायला सांगितली. मुलाला बोलतं करणारे प्रश्न विचारायचे, ते जे बोलेल त्यात थोडी भर घालून परत म्हणायचं, दाद द्यायची. महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं बाकीच्यांपेक्षा पुढे गेलेलं दिसलं. त्यांची पुस्तकं बिनशब्दांची होती असं नाही, पण पद्धत इथे चपखल बसते. आपल्या भाषेत सांगायचं तर मुलानं टाकलेल्या धाग्याला आपण एक पीळ द्यायचा, पूर्ण दोर वळून द्यायचा नाही.

मूल म्हणतं, "मिरची." तुम्ही म्हणा, "हो, मिरची पडली." एवढंच, आणि थांबा. मूल म्हणतं, "मिरची पडली, पोपटानं खाल्ली." तुम्ही म्हणा, "राघूनं टिपली होय! आजीला कळलं का?" पुन्हा थांबा. 'आजीला कळलं का' या प्रश्नाला मुलाला खाली वाकून आजीचा चेहरा बघावा लागतो. 'मिरचीचा रंग कोणता' याला चित्राकडे बघावंही लागत नाही.

चांगला प्रश्न कोणता, याची माझी खूण साधी आहे. ज्याचं उत्तर मला आधीपासून माहीत आहे, तो प्रश्न विचारायचा नाही. कुत्रा बटाट्याचं काय करणार, मला माहीत नाही. पोरांनी लिंबाला बॉल केलं असेल की सरबत, माहीत नाही. नात मागे वळून का बघत नाही? हेही माहीत नाही. एका साडेतीन वर्षांच्या मुलीनं याचं उत्तर दिलं, "तिची मान दुखतेय." मी हे पुस्तक शंभरदा दाखवलं असेल, मला ते सुचलं नव्हतं.

पानाला एक प्रश्न पुरे. काही पानांना एकही नको.

मराठीत सांगताना

इथे मात्र मला जरा रेंगाळायचं आहे, कारण पुस्तकात शब्द नसल्यामुळे जो शब्द येईल तो आपल्या घरातला असतो आणि आपल्या घरात चिक्कार शब्द पडून आहेत.

पडण्याचंच बघा. मिरची टपकन पडते, लिंबू टुणकन उडतं आणि घरंगळत जातं, बटाटा गडगडत जातो, कोथिंबिरीची जुडी अलगद सटकते, आजी मटकन खाली बसते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या मराठीत हे सगळं 'पडलं' आणि 'फॉल झालं' एवढ्यावर येऊन थांबलेलं असतं. चित्र समोर असताना 'घरंगळत' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. लिंबू दिसतंय ना! चालण्याचंही तसंच. राघू उडत, पोरं पळत, कुत्रा शेपूट हलवत तुरुतुरु, शेळी रमतगमत. पानागणिक एक नवा शब्द टाकला तरी आठ पानांत आठ होतात. त्यांतले दोन मुलानं उचलले, तर पुष्कळ झाले.

दुसरी गंमत लिंगाची. मराठीत काही सांगायला तोंड उघडलं, की तो, ती की ते हे ठरवावंच लागतं. बटाटा पडला, मिरची पडली, लिंबू पडलं. एका पिशवीत तिन्ही! मूल 'लिंबू पडला' म्हणेल. 'पडला नाही, पडलं म्हण' असं सांगू नका. "हो की, लिंबू पडलं आणि कुठे गेलं?" असं बरोबर रूप सहज कानावर टाकून पुढे जा. आणि पुस्तकातलं मांजर बोका आहे की भाटी, अस्वल 'ते' आहे की 'तो' अस्वलदादा, हे मुलाला ठरवू द्या. एकदा 'ती' ठरली, की शेवटच्या पानापर्यंत ती. हे तुम्हीच विसरता, मूल विसरत नाही.

तिसरी गोष्ट सांध्यांची. मग, तेवढ्यात, इतक्यात, म्हणून, तरीपण, शेवटी. लहान मुलं 'मग' वर सगळी गाडी चालवतात. तुम्ही अधूनमधून 'तेवढ्यात' म्हणा आणि आवाज खाली आणा. पान उलटायची खरी जागा तीच. 'भोक मोठं झालं होतं म्हणून बटाटा पडला' यातला 'म्हणून' ज्या दिवशी मूल आपणहून वापरेल, त्या दिवशी ते चित्रं बघत नसून गोष्ट सांगत असतं.

त्याला वेळ लागतो आणि त्याची घाई करू नये. मर्सर मेयर या अमेरिकन चित्रकाराचं १९६९ सालचं एक बिनशब्दांचं पुस्तक आहे. एका मुलाचा पाळलेला बेडूक बरणीतून पळतो आणि तो त्याला शोधत फिरतो. हे चोवीस चित्रांचं पुस्तक भाषेच्या अभ्यासकांनी जगभर वापरलं, कारण गोष्ट सगळीकडे तीच ठेवून भाषा तेवढी बदलता येते. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी १९९४ साली इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांनी ती कशी सांगितली, ते एकत्र मांडलं. तीन वर्षांची मुलं बहुधा एकेका चित्राबद्दल सुटं सुटं बोलतात. पाचच्या सुमाराला आधीचं चित्र नंतरच्याला जोडू लागतात. 'हा सगळा वेळ तो बेडूक शोधतोय' हा अख्ख्या गोष्टीचा धागा नीट धरून ठेवणं त्याच्याही बरंच पुढे, नऊ वर्षांच्या आसपास दिसतं. तेव्हा तीन वर्षांचं मूल 'आजी. पिशवी. मिरची. शेळी.' एवढंच म्हणत असेल, तर ते मागे पडलेलं नाही. ते तीन वर्षांचं आहे.

अडचणी, ज्या येतातच

मूल भसाभसा पानं उलटतं. बहुधा पुस्तक फार सोपं किंवा फार गजबजलेलं असतं. गजबजलेलं असेल, तर जुन्या लग्नपत्रिकेला चौकोनी खिडकी पाडा आणि ती पानावर फिरवत एकेक कोपरा बघा. आमच्याकडे पत्रिकांच्या गठ्ठ्याचा यापेक्षा चांगला उपयोग अजून झालेला नाही.

मूल 'चुकीची' गोष्ट सांगतं. चित्रात आजी हसतेय आणि मूल म्हणतं रागावलीय. "तुला कशावरून वाटलं?" एवढं विचारा. पुष्कळदा त्याच्याकडे कारण असतं, भुवया बघितलेल्या असतात. नसलं तरी गोष्ट त्याची आहे. सुधारायला बसलात, की पुढच्या वेळी ते आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग चित्राकडे.

रोज तेच पुस्तक हवं असतं. द्या. कंटाळा तुम्हाला येतो, त्याला नाही. वाटलंच तर एक दिवस गोष्ट शेळीच्या बाजूनं सांगा. मी आपली रस्त्याच्या कडेला चरत होते, तेवढ्यात कोथिंबिरीचा वास आला...

दोन भावंडं एकत्र असतात आणि मोठं धाकट्याला बोलू देत नाही. मोठ्याला आवाजांचं काम द्या. कुत्रा, शेळी, राघू, सगळं तो करेल. गोष्ट धाकटं सांगेल.

आणि घरातल्या मोठ्यांचं 'यात काही लिहिलेलंच नाही, पैसे कशाला घातले?' याला माझ्याकडे युक्तिवाद नाही. पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं, मूल मांडीवर बसवायचं आणि चहा टाकायला आत जायचं.

ज्या घरात भाषा दोन, किंवा अक्षरओळख नाही

इटलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात लांपेदूसा नावाचं छोटं बेट आहे. आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून होडीनं निघालेले निर्वासित तिथे पोचतात. बालपुस्तकांसाठी काम करणाऱ्या 'इब्बी' या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१२ साली त्या बेटासाठी देशोदेशींची बिनशब्दांची पुस्तकं गोळा करायला घेतली. बेटावरच्या इटालियन मुलांना आणि नुकत्याच किनाऱ्याला लागलेल्या मुलांना एकच पुस्तक बघता यावं, हा हेतू. बेटावर मुलांचं ग्रंथालय उभं राहिलं ते यातूनच.

आपल्याकडे त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. वीटभट्टीवरच्या एकाच ओळीत कातकरी, हिंदी आणि कन्नड बोलणारी मुलं असतात. मेळघाटात घरी कोरकू आणि अंगणवाडीत मराठी. अशा ठिकाणी मराठी पुस्तक उघडलं, की काही मुलं पहिल्याच ओळीला बाहेर पडतात. बिनशब्दांच्या पुस्तकाला मुलगा त्याच्या बोलीत 'वाचू' शकतो आणि ताई त्याच्याकडून शेळीला त्याच्या घरी काय म्हणतात ते शिकू शकते. मग तीच गोष्ट ताई मराठीत सांगते. चित्र तेच असल्यामुळे नवी भाषा अंधारात चाचपडावी लागत नाही. आधी बोली, मग मराठी. हा क्रम उलटा करू नका.

अक्षरओळख नसलेली आजी या पुस्तकांची उत्तम वाचक असते. अडखळण्यासारखं काही नसतं आणि बाजाराबद्दल तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. परदेशातल्या नातवंडांबाबत तर मी आग्रहच धरते. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायच्या, एक पुण्यात, एक न्यू जर्सीत. व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का, शाळा कशी आहे' दोन मिनिटांत संपतं. पुस्तक उघडलं, की आजी मराठीत विचारते, नातू अर्ध्या इंग्रजीत सांगतो आणि दोघांसमोर पान एकच असतं. त्यानं 'गोट' म्हटलं, की आजीनं 'शेळी होय! कुठे निघाली?' म्हणायचं, बस.

वीस मुलं आणि एकच पुस्तक

अंगणवाडीत वीस मुलांना एक पुस्तक दुरून दाखवून काही साधत नाही, बारकावे दिसतच नाहीत. चार-पाच मुलांचा गट बसवा आणि बाकीच्यांना ठोकळे-चिकणमातीत गुंतवा. ते जमणार नसेल, तर पानं मोठी करून सुटी छापा आणि पिंगुळीची आठवण ठेवा. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून वाद्यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले आहेत. चित्रांच्या अशा एका संचाला पोथी म्हणतात, बघा! त्यातलं आपण उचलायचं ते एकच. चित्र समोर आलं, की पुढचं येईपर्यंत सगळ्यांची नजर त्यावर खिळते आणि चित्र बदलायची वेळ सांगणारा ठरवतो. इथे सांगणारे पाळीपाळीनं मुलांतले करा.

सुट्या पानांचा आणखी एक फायदा म्हणजे ती फरशीवर पसरून मुलांना क्रमानं लावायला देता येतात. आपल्या गोष्टीत भोकाकडे ज्याचं लक्ष आहे, त्यालाच ती बरोबर लावता येतात.

सांगितलेलं लिहून ठेवणं

चार वर्षांच्या पुढे, तेही आठवड्यातून एकदाच. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत वेगळ्या कागदावर लिहा, पुस्तकात नको. 'मी खाल्लो' म्हणालं तर 'मी खाल्लो' लिहा. खाली तारीख घाला. मग बोट फिरवत वाचून दाखवा. आपण बोललो ते कागदावर बसलं आणि बाबांनी ते जसंच्या तसं परत काढलं, याचं मुलांना विलक्षण नवल वाटतं. लिहिणं म्हणजे काय, हे त्यांना इथे कळतं. सहा महिन्यांनी त्याच पुस्तकावरचे दोन कागद शेजारी ठेवून बघा. फरक कुणाला दाखवायची गरज नाही, तुम्हाला दिसेल.

एका कागदात स्वतःचं पुस्तक

एक कोरा ए-फोर कागद आडवा ठेवा. वरची लांब कड खालच्या लांब कडेवर आणून घडी घाला, उघडा. डावी आखूड कड उजवीवर आणून घडी घाला आणि न उघडता त्याच दिशेनं आणखी एकदा दुमडा. आता पूर्ण उघडलात, की आठ चौकोन दिसतील. पुन्हा डावी आखूड कड उजवीवर आणून एकच घडी घाला. घडीच्या बाजूनं, मधल्या आडव्या रेषेवरून, पहिल्या उभ्या रेषेपर्यंत कात्रीनं कापा. त्यापुढे कापू नका. कागद उघडून लांब बाजूनं मध्ये दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. मधला काप उघडून अधिकच्या चिन्हासारखा आकार होईल. तो एका बाजूला मिटला, की आठ पानांचं पुस्तक. ना पिना, ना डिंक.

चित्र काढायच्या आधी पुस्तक मिटलेलं असतानाच पेन्सिलनं पानांवर आकडे घाला आणि मग कागद उघडा. उघडल्यावर अर्धी पानं उलटी दिसतात, त्यामुळे आकडे नसले तर हमखास शेळी डोक्यावर उभी राहते.

चित्रकला येत नाही ही सबब चालत नाही. आजी म्हणजे एक त्रिकोण आणि वर अंबाडा. प्रत्येक पानावर तिच्या लुगड्याला तोच रंग द्या, म्हणजे ती ओळखू येईल. पिशवीचं भोक काळ्या स्केचपेननं काढा आणि दर पानाला थोडं मोठं करा. चित्र नकोच असेल, तर फोटो काढा. पोळी करण्याचे सहा, सायकल पंक्चर काढण्याचे सहा, आजोबा चष्मा शोधताहेत आणि तो कपाळावर आहे याचे सहा. हे शेवटचं आमच्याकडे सगळ्यात जास्त फाटलेलं पुस्तक आहे.

मागचं कव्हर मी आता कोरंच ठेवते. पूर्वी तिथे ठिगळ लावणारी आजी काढायचे. मग एका मुलानं विचारलं, शेळी घरी गेली का? तेव्हापासून शेवटचं पान त्यांचं. आत्तापर्यंत तिथे शेळी आजीच्या शेजारी झोपली आहे, शेळीनं पिशवीच खाल्ली आहे, आणि परत आलेल्या त्या आजोबांच्या नातीनं काढलेल्या पानावर शेळीच्या गळ्यात नवी पिशवी आहे आणि ती एकटीच बाजाराला निघाली आहे. त्या पिशवीलाही खाली एक ठिपका आहे. तो भोक आहे की पेन टेकलं, हे मी तिला विचारलेलं नाही.